कोंड्यावर घेतलेला योसेफ

माझ्या धाकट्या भावाचं नाव योसेफ, आडनाव पाटील. एवढं सांगितलं की समोरचा माणूस जरा थबकतो, आणि मग हळूच विचारतो, तुमच्याकडे कुणी धर्म बदललेला का? नाही हो. आम्ही ठाण्याचे आगरी, खाडीच्या कडेला मिठागरात राबलेले, गावदेवीच्या पालखीला आमच्या घरच्यांचा खांदा कितीतरी पिढ्यांचा. मी हिरा, धाकटी बहीण मोती, आणि आम्हा दोघींच्या मध्ये हा योसेफ. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. वाटीला वाटी म्हणतात तसं याला योसेफ म्हणतात, संपलं. त्याला शाळेत घालायची वेळ आली आणि हे नाव राहणार की जाणार असा प्रश्न घरात उभा राहिला, तेव्हा कुठे मी त्या नावाकडे नीट बघितलं. नाव म्हणजे काही बघायची वस्तू नव्हे, मला कळतं. पण मी बघितलं खरं, आणि एकदा बघायला लागले ती आजपर्यंत बघतेच आहे.

आमचं घर मिठागराच्या बांधाला लागून होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं, आणि दारात उभं राहिलं की समोर पांढरे ढीगच ढीग, उन्हात डोळे चुरचुरायचे. पहाटे बाबा आणि बाकीची माणसं लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढायची, त्याचा खर्रर्र असा आवाज झोपेत कानात यायचा. तो थांबला की आई चुलीपाशी बसल्याबसल्या म्हणायची, "आले गो तुझे बाबा, पायावर घालायला पाणी ठेव." मिठात उभं राहून बाबांची पावलं फुटलेली असायची, त्यांवर कोमट पाणी घालताना ते दात आवळून गप्प बसायचे. मग तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, आणि खाडी खूश असेल तर निवट्यांचं कालवण. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा, आता नातवंडांना सांगितलं तर तोंडं वाकडी करतात. खाऊन बघितलं असतं तर केली नसती.

माझ्यानंतर आईला दोन मुलगे झाले आणि दोघंही पाचवी पुजायच्या आत गेले. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. मला एवढंच आठवतं की आई भाकरी थापता थापता मध्येच थांबायची, परातीत हात तसाच ठेवून. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मोठ्या काकांनी बाबांना सांगितलं की या वेळी पोर विकायचं.

घाबरू नका. आमच्यात ती रीत होती. ज्या घरात मुलं टिकत नाहीत, तिथं नवीन मूल जन्मलं की ते आपलं नव्हेच असं दाखवायचं. सुपात घालून मागच्या दारानं बाहेर न्यायचं, आणि परक्या बाईनं ओंजळभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं. झालं, मूल तिचं. आईनं नुसतं पाजायचं, सांभाळायचं. पुढे न्यायला जो कोण येतो तो येणार, बघणार, इथं यांचं म्हणून कुणीच नाही असं समजून आल्या पावली परत जाणार. कोंडाजी, कोंडिबा अशी नावं तुम्ही ऐकली असतील, ती त्यातूनच पडली. आज हे वाचून हसू येईल. पण दोन पाळणे रिकामे झालेल्या बाईला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

विकत घेणारी मिळाली ती सारामावशी. ती नर्स होती, आईचं बाळंतपण तिनंच केलं. सारामावशी बेनेइस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू लोक. तिचे आजे-पणजे अलिबागकडे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मावशी बोलायची आपल्यासारखीच, नेसायची पांढरं पातळ, नवरा फार लवकर गेलेला, मूलबाळ नाही, बाजारपेठेच्या अंगाला दोन खोल्यांत एकटी राहायची. शनिवारी तिला विस्तव पेटवायचा नसे, म्हणून सकाळी जाऊन तिचा स्टोव्ह पेटवून द्यायचं काम पुढे माझ्याकडे आलं. मोबदल्यात नारळाच्या दुधात आटवलेल्या हलव्याची वडी. तशी वडी मी नंतर खूपदा करून बघितली, जमली नाही.

तर सुपातलं मूल बघून ती म्हणाली होती म्हणे, "आमच्यात असलं काही नसतं हां. पण पोर चांगलं आहे, घेते मी." कोंडा तिच्याकडे कुठला असणार? तो आमच्याच कणगीतला काढून आधी तिच्या ओंजळीत घातला, मग तिनं तो आमच्याच काकांच्या सुपात टाकला. न्यायला येणाऱ्यानं एवढं बारीक बघितलं नसावं. मूल घेणाऱ्या बाईनंच नाव ठेवायचं असतं, म्हणून तिनं जरा विचार केला आणि सांगितलं, योसेफ.

आई बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, "म्हणजे काय गो?"

"आमच्या पुस्तकात एक राहेल आहे. तिला पुष्कळ वर्षं मूल नव्हतं. झालं तेव्हा ती म्हणाली, देव मला आणखी एक देवो. तेच त्या पोराचं नाव पडलं."

"आणखी एक?"

"आणखी एक."

"मग राहू दे," आई म्हणाली. आणि योसेफ जगला, आणि चार वर्षांनी मोती झाली, आणि आईचा त्या नावावर असा काही विश्वास बसला की आमच्या गावदेवीलाही त्याचा हेवा वाटावा.

या रितीतली एक अट मात्र बाबांसाठी होती. बापानं त्या मुलाला नावानं हाक मारायची नाही, गावात कडेवर घेऊन मिरवायचं नाही, आणि कुणी विचारलंच कुणाचा पोर, तर म्हणायचं सारामावशीचा. आईला सूट, कारण जेवायला तर बोलवावंच लागतं. बाबांनी ही अट इतकी पाळली की बघणाऱ्याला ते पोरावर नाराज आहेत असं वाटावं. त्याला बोलवायचं तर "ए, ऐक" किंवा नुसतं चुटकी वाजवणं. मला ते "हिरू" म्हणायचे, मोतीला "मोत्ये", आणि त्याला काहीच नाही. रात्री तो झोपला की मात्र पांघरूण सारखं करायला तेच उठायचे.

योसेफ शाळेच्या वयाचा झाला आणि त्याच सुमारास सारामावशीचं इस्रायलला जायचं ठरलं. तिचा भाऊ आधीच गेला होता, आळीतली निम्मी दारं बंद झाली होती, ती एकटी राहून काय करणार. बातमी ऐकली तशी मोठे काका संध्याकाळी येऊन ओट्यावर बसले.

"पोर परत घ्यायला लागंल," ते म्हणाले. "बाय गेली तिकडं नि पोर तिचाच राहिला, तर उद्या लग्नात अक्षता कुणाचा म्हणून टाकायच्या?"

परत घ्यायची रीत अशी होती: घेणारणीनं पोराला अंगणात आणायचं, बापानं तिच्या पदरात कोंडा घालायचा आणि उंबरठ्यावर उभं राहून पोराला नावानं हाक मारायची. त्या हाकेला जे नाव घेतलं ते कायमचं. काकांनी नाव आणलंच होतं, यशवंत. बाबांना ते एकदम पसंत पडलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांची भाकरी घेऊन बांधावर गेले, तर ते पाठमोरे मीठ ओढत होते आणि प्रत्येक ओढीला हळू आवाजात म्हणत होते, "यशवंता... ए यशवंता." हाक मारायची सवय करत होते. मला बघून गप्प झाले.

आईनं हे ऐकलं आणि घरात पेटलं. आई तशी बोलणारी नव्हे, पण त्या दिवशी तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि बाबांकडे तोंड करून बसली.

"नाव त्याचं नाय बदलायचं. त्या नावात तो जगलाय."

"नावात कोण जगतंय? दुधात जगलाय, भाकरीत जगलाय."

"पहिल्या दोघांना काय दूध नव्हतं?"

त्यावर बाबा म्हणाले ते मला आजही जसंच्या तसं आठवतंय, कारण तोवर बाबांना कशाचं वाईट वाटत असेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते म्हणाले, "तुझा तरी हाय तो. मी एवढी वर्षं त्याच्या शेजारी राहतोय नुसता. आता माझा म्हणून हाक मारायची, तर ती पण दुसऱ्यानं दिलेल्या नावानं मारू?"

आई रडली, बाबा बाहेर जाऊन बसले, आणि ज्याच्यावरून हे चाललं होतं तो योसेफ सारामावशीकडे जाऊन तिला विचारून आला की विमानात त्याला खिडकीची जागा मिळेल का. विकलेला पोर म्हणजे तिच्याबरोबर जाणारच, असा त्याचा सरळ हिशेब.

शनिवारी मी स्टोव्ह पेटवायला निघाले तेव्हा आईनं मला दारात थांबवून सांगितलं, "मावशीला विचार, पोर परत घेतलं तर नाव पण परत द्यावं लागतं का. नाव तिचंच ना?" मी विचारलं. सारामावशी तिच्या अर्ध्या भरलेल्या ट्रंकेशेजारी बसली होती, ती हसली.

"माझं कुठलं? माझ्या आजोबांचं होतं ते. पण रेवदंड्याला त्यांना योसेफ कुणी म्हणत नव्हतं, इसुबजी म्हणायचे. तुमचा तो जुझे सुतार, फळ्या करून देतो ना तुझ्या बाबांना? तो पण योसेफच."

"तो जुझे आहे."

"आणि मीठ न्यायला येतो तो यूसुफ तांडेल?"

"तो यूसुफ आहे."

"जा, विचार त्यांना. मग सांग नाव कुणाचं ते."

मला ती चेष्टा वाटली. एकाच नावाची माणसं आपण रोज बघतो, त्यांच्या हातची फळी वापरतो, त्यांच्याकडचा गूळ खातो, आणि आपल्याला पत्ता नाही? मी सरळ जुझेमामांच्या अंगणात गेले. जुझेमामा आमच्याच बाजूच्या गावातले, ईस्ट इंडियन म्हणतात ते इथले जुने ख्रिस्ती, रंधा मारत होते. मी म्हटलं, "मामा, तुमचं नाव योसेफ आहे?"

त्यांनी रंधा थांबवला. "चर्चात पाद्री जोसेफ लिवतो. घरात जुझे. बायको रागावली का आणखी एक नाव हाय, ते तुला नाय सांगत."

योसेफची गोष्ट मला त्या वेळी ठाऊक नव्हती, मी नुसतंच विचारलं की तुमच्या पुस्तकात योसेफ कोण. त्यांनी घरात नेऊन भिंतीवरची तसबीर दाखवली. दाढीवाला माणूस, हातात करवत, शेजारी एक लहान मुलगा. "हा माझ्या नावाचा संत, माझा सायब. सुतार. हा पोरगा येसू. त्याचा सख्खा बापूस नाय हां हा, पण वाढवला यानंच. लोकांत आपला म्हणून नेला, धंदा शिकवला."

म्हणजे मावशीचा योसेफ राहेलचा मुलगा, आणि मामांचा योसेफ म्हातारा सुतार. दोन वेगळी माणसं. मी परत निघताना वाटभर हेच चघळत होते की नाव एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं कसं, आणि जाताना त्याच्या अंगावरचे कपडे बदलतात कसे.

आता माझी नात तन्वी मला फोनवर हे सगळं काढून देते. इटलीत ज्युसेपे, स्पेनमध्ये होसे, रशियात ओसिप. जुझे हे पोर्तुगीजांबरोबर वसईला आलं आणि खाडी चढून आमच्यापर्यंत पोचलं. तमिळ ख्रिस्ती लोकांत सूसै. इथं डोंबिवलीत माझ्या मजल्यावर केरळचे एक गृहस्थ आहेत, दारावर पाटी आहे औसेफ. पहिल्या दिवशी मी पाटी वाचली आणि थेट बेल वाजवून त्यांना विचारलं, म्हटलं अहो हे योसेफ का? त्यांनी मला आत बोलवून केळ्याचे वेफर्स दिले. तन्वी म्हणते, आजी, य चा ज कसा झाला पण? मी म्हटलं त्यात काय, आपण नाही का यात्रेची जत्रा केली आणि योग्याचा जोगी? सगळी माणसं सारखीच जीभ घेऊन जन्मलेली. मी सातवीतून शाळा सोडली, मला भाषांचं शास्त्र येत नाही. पण कुठेही पाटी दिसली की माझे पाय आपोआप थांबतात, ती सवय त्या आठवड्यातली.

राहिला यूसुफ तांडेल. तो कल्याणचा कोकणी मुसलमान, मोठा मचवा होता त्याचा, आमचं मीठ भरून खाडीनं कल्याणच्या बंदराला न्यायचा. आईचं माहेर मोहन्याला, तिथं मामाच्या घरी जायचं निघालं की भरतीबरोबर आम्ही त्याच्याच मचव्यातून जायचो. त्या वेळीही निघालो, म्हणजे खरं तर आई बाबांवर रुसून निघाली होती, पण मचव्यात चढायला हात बाबांनीच द्यायचा आणि वाटेत सोबतही त्यांनीच करायची, असा तो रुसवा. मिठाच्या राशीवर ताडपत्री, ताडपत्रीवर आम्ही. मोती आईच्या मांडीवर. मुंब्र्याचा डोंगर उजवीकडून हळूहळू मागे सरकत होता, शीड फडफडत होतं, आणि सुकाणूपाशी तांडेल विडी ओढत बसला होता. मी सरकत सरकत त्याच्याकडे गेले.

"चाचा, तुमच्या नावाचा माणूस कोण होता?"

"यूसुफ? पैगंबर होते. त्यांच्यासारखं रूप अल्लानं दुसऱ्या कुणाला दिलं नाही. माझ्या आईनं ते ऐकून माझं नाव ठेवलं. आता बघ माझ्याकडे." त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते. आम्ही दोघंही हसलो. "भावांना बघवलं नाही. नेला आणि विहिरीत टाकला. मग वाटेनं व्यापारी चालले होते, त्यांना विकून टाकला."

माझ्या पाठीमागून आईचा आवाज आला. आई परक्या पुरुषाशी बोलायची नाही कधी. "विकला?"

"सख्ख्या भावांनी, ताई."

"केवढ्याला?"

"काही नाही, फुकटासारखा. चार खोटे-खरे दिरम."

"कोंड्याइतकं," आई म्हणाली. मग तिनं विचारलं, "नि जगला?"

"जगला? परदेशात गेला, तुरुंगात गेला, तिथनं निघून राजाचा कारभारी झाला. दुष्काळ पडला तेव्हा आख्खा मुलूख त्यानं जगवला. विकणारे भाऊ त्याच्याच दारात धान्य मागायला आले, आणि त्यानं दिलं."

आईनं पदर तोंडाला लावला आणि योसेफकडे बघत राहिली. तो काठावर पालथा पडून पाण्यात हात घालत होता. तिच्या चेहऱ्यावर भीती होती की समाधान, मला ठरवता येईना. मग बाबा, जे एवढा वेळ डोंगराकडे तोंड करून बसले होते, ते न वळताच म्हणाले, "आणि त्याचा बापूस?"

"याकूब? त्याला भावांनी सांगितलं, लांडग्यानं खाल्ला. रडून रडून आंधळा झाला तो. लोक म्हणायचे पुरे कर, मेलेल्याचं नाव किती घेशील. तो घेतच राहिला. शेवटी यूसुफनं आपला सदरा पाठवला, तोंडावर घातला तेव्हा दिसायला लागलं."

मचवा दिवा गावाच्या पुढे आला असेल, दोन्ही बाजूला नुसती तिवरं, बघायला एक माणूस नाही. बाबा उठले, योसेफला काखेत धरून काठावरून उचललं आणि आपल्या मांडीवर बसवलं. तो इतका दचकला की ताठ बसून राहिला, देवळात बसतात तसा. दुर्गाडीचा किल्ला दिसायला लागला तेव्हा बाबांनी त्याला खाली ठेवलं. हाक मात्र मारली नाही.

मोहन्याला पोचल्यावर आईनं आजीला एवढंच सांगितलं, "विकलेल्याचंच नाव ठेवलंन तिनं. मला बोलली पण नाय." पुढच्या शनिवारी मी हे मावशीला जसंच्या तसं ऐकवलं. म्हटलं, पुढची गोष्ट का नाही सांगितलीस? तर ती म्हणाली, "ओल्या बाळंतिणीला सांगू, तुझ्या पोराला विहिरीत टाकणार आहेत म्हणून?" मग तिनं ट्रंकेतून पुस्तक वर काढलं, एका बाजूला त्यांची लिपी, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि बोट फिरवत फिरवत एक जागा शोधली. "हे तांडेलानं नाही सांगितलं तुला. राजानं योसेफचं नाव बदललं होतं. नवे कपडे, नवी बायको, नवं नाव. हे बघ, साफनाथ पानेह."

मला हसू फुटलं.

"हस. सगळी हसतात. राजानं दिलेलं नाव आहे, साधं नव्हे. पण त्या नावाची मुलं कुठे दिसतात का तुला? मी तरी नाही बघितली. म्हाताऱ्या बापानं घरी बसून जे घेतलं, ते उरलं."

त्या दुपारी बाबांची भाकरी घेऊन गेले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, सुताराच्या तसबिरीसकट. मी लहान होते, मला कुणाची बाजू मांडायची नव्हती. मला फक्त माझा शोध कुणाला तरी दाखवायचा होता, आणि त्या घरात ऐकून घेणारे बाबाच होते. ते बांधावर बसून भाकरी खात राहिले. मध्येच विचारलं, "सुताराचा तो सख्खा नव्हता, नाय?" मी म्हटलं, नव्हता. "हं," म्हणाले आणि हात धुवायला उठले. मीठ ओढायला लागले तेव्हा मी जरा मागे रेंगाळले, ते काय म्हणतात ते ऐकायला. नुसता फळीचा आवाज येत होता.

मावशी निघायच्या आदल्या सकाळी अंगण सारवलं. आईनं तांदळाची खीर केली होती पण तिनं स्वतः आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, मावशीला ते चेहऱ्यावरूनच कळलं आणि ती म्हणाली, "चक्कर येऊन पडशील गं." मोठे काका नवीन धोतर नेसून, सूप घेऊन उभे. शेजारपाजारची माणसं कुंपणाला टेकलेली. मावशी योसेफचा हात धरून अंगणाच्या मधोमध, आणि तो पायात नवे बूट घालून, कारण ते मावशीनं आणले होते आणि त्याला काढायचे नव्हते. आई दाराच्या आत, चौकटीला धरून. मी तिच्या बाजूला. तिची बोटं लाकडावर पांढरी पडलेली मला दिसत होती. तिनं बाबांना त्या मचव्यानंतर नावाबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आणि बाबांनी सांगितला नव्हता.

बाबांनी सुपातून ओंजळभर कोंडा घेऊन मावशीच्या पदरात घातला. मावशी म्हणाली, "पोचला माझा कोंडा. आता मारा हाक तुमच्या पोराला." तिचा आवाज अगदी दवाखान्यातल्यासारखा सरळ होता, पण तिनं योसेफचा हात सोडला तेव्हा आपला हात कुठे ठेवायचा ते तिला कळेना.

बाबा उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. पोराच्या बुटांकडे बघतच राहिले. काकांना वाटलं विसरले. ते हळूच म्हणाले, "यशवंत बोल."

"योसेफ," बाबा म्हणाले, "घरात ये रे."

योसेफ हलला नाही. त्यानं मागे वळून बघितलं, कुणाला बोलावतायत ते. त्याचं नाव त्या आवाजात त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. काका म्हणाले, "अरे, ठरलेलं काय नि तू..."

"माझा पोर हाय," बाबा म्हणाले, "मना ठावं त्याचं नाव." आणि मग मिठागरावर या टोकाहून त्या टोकाला मारतात तशी त्यांनी हाक मारली, कुंपणाच्या पलीकडे बांधावर वाकलेली माणसं उभी राहून बघायला लागली. आईची बोटं चौकटीवरून सुटली. योसेफ नव्या बुटांचा टक टक आवाज करत अंगणातून आला, बाबांच्या हाताखालून वाकून आत शिरला आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. तो आत आलेला बाबांना दिसला होता. तरी ते तसेच अंगणाकडे तोंड करून उंबरठ्यावर उभे राहिले, आणि त्यांनी परत एकदा त्याला हाक मारून घेतली.